पिसांच्या नव्या उशीचा वास: आधी वारा, मग निर्णय, धुणे सर्वांत शेवटी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पिसांची नवी उशी किंवा डाउनची दुलई पिशवीतून बाहेर काढली की पुष्कळ घरांत पहिला प्रश्न उठतो तो वासाचा. मग कोणी तिच्यावर सुगंधी फवारा मारतो, कोणी ती दिवसभर कडक उन्हात टाकतो, तर कोणी थेट वॉशिंग मशीनमध्ये कोंबतो. फवाऱ्याने वास नुसता झाकला जातो. बाकीच्या दोन गोष्टींना आपापली जागा आहे, पण त्या अवेळी आणि अंदाजाने केल्या तर वास जाण्याऐवजी मुरतो. शिवाय वस्तू परत करण्याची संधीही हातची जाते. या कामाशी रोजचा संबंध असलेल्यांना अशा बिघडलेल्या उशा-दुलया सतत पाहाव्या लागतात आणि त्यांतल्या बऱ्याच मुळात बिघडण्यासारख्या नव्हत्या, याचे वाईट वाटते. म्हणून वासाची कारणे आणि तो घालवण्याचा क्रम आपल्या पत्रातून सविस्तर मांडत आहे.

या बिछान्यांत भरलेली पिसे बहुतेक करून बदकांची आणि पाळीव हंसांची असतात. डाउन म्हणजे पक्ष्याच्या छातीपोटावर, वरच्या पिसांखाली असणारा मऊ थर. त्याला टणक दांडा नसतो. मधल्या एका बारीक गाठीपासून चहूकडे तंतू फुटलेले असतात. साध्या पिसाला मात्र दांडा असतो. पाण्यात वावरणाऱ्या या पक्ष्यांच्या शेपटीजवळ तेलाची ग्रंथी असते आणि ते तेल चोचीने अंगभर पसरवण्याची त्यांना सवय असते. कारखान्यात आलेली कच्ची पिसे म्हणजे तेल, धूळ, त्वचेचे कण आणि थोडी घाण यांचे मिश्रण असते. ती झटकतात, डिटर्जंटने धुतात, अनेक पाण्यांतून खळबळतात, 100 अंश सेल्सिअसच्या वर वाफेच्या उष्णतेने वाळवून निर्जंतुक करतात, थंड करतात आणि पुन्हा धूळ काढतात. या साखळीत सगळ्यात जास्त काटकसर होते ती खळबळण्याच्या पाण्यात, आणि वासाची बरीचशी तक्रार तिथेच जन्म घेते.

पिसांतले सगळे तेल काढून टाकणे हा मात्र उपाय नव्हे. धुतलेल्या मालात साधारण 0.5 ते 2 टक्के चरबी राहावी, असा संकेत आहे. त्याहून कमी राहिली तर पिसे कोरडी पडतात, मोडतात, त्यांचा भुगा होतो आणि उशी बसते. जास्त राहिली तर ती चरबी हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू खवट होते. जुन्या तेलाच्या डब्यासारखा जो वास काही उशांना येतो तो हाच. बदकाच्या पिसांना हंसाच्या पिसांपेक्षा वास जास्त येतो, हा या धंद्यातला सर्वमान्य अनुभव आहे.

दुसरे कारण ओलावा. पीस केराटिनचे बनलेले असते, म्हणजे केस, लोकर, नखे ज्याची तेच. केराटिनमध्ये गंधक असते. शिवाय ते हवेतला ओलावा सहज शोषते आणि ओलावा आत शिरला की तंतूंत अडकलेले वासाचे रेणू सुटे होतात. लोकरीचा स्वेटर भिजल्यावर जसा वास देतो, तसेच इथे घडते. त्यामुळे दमट दिवशी उघडलेली दुलई जास्त वास मारते आणि तीच दुलई कोरड्या हवेत दोन दिवसांनी निर्दोष वाटते. हे लक्षात घेतले तर अर्धी घबराट कमी होईल.

तिसरे कारण निव्वळ बांधणीचे आहे. हा माल वाहतुकीसाठी दाबून, कित्येकदा हवा काढून, प्लास्टिकमध्ये बंद केलेला असतो. महिनोन्‌महिने कोंडलेली हवा, प्लास्टिकचा स्वतःचा वास आणि कापडावरच्या प्रक्रियेची रसायने एकदम नाकाशी येतात. हा वास पिसांचा नसतो, आणि तो सर्वांत लवकर जातो.

म्हणून पहिले काम वास ओळखण्याचे. उशीचा अभ्रा काढा. आधी नुसत्या कापडाचा वास घ्या. मग उशी नाकाजवळ धरून दोन्ही हातांनी जोरात दाबा आणि शिवणीतून बाहेर पडणारी हवा हुंगा. कापड रासायनिक वास देत असेल आणि आतली हवा साधी असेल, तर प्रश्न फक्त खोळीचा, म्हणजे पिसे ज्यात भरून शिवलेली असतात त्या कापडाचा आहे. आतली हवा पक्ष्याच्या पिंजऱ्यासारखी, किंचित धुळकट वाटत असेल तर ती ताज्या पिसांची नेहमीची गोष्ट आहे आणि वाऱ्याने जाईल. आतली हवा खवट, कुबट, कुजकट किंवा नाकाला झोंबणारी अमोनियासारखी असेल, तर माल नीट धुतलेला नाही किंवा गोदामात ओल लागली आहे. खवट वास बराच कमी करता येतो. कुबट वास आणि त्याबरोबर कापडावर काळे ठिपके दिसले तर ती बुरशी समजावी. अशा वस्तूवर कोणताही प्रयोग करू नये, ती सरळ परत करावी.

संशय राहिला तर एक चाचणी घरी करता येते. प्रयोगशाळेत पिसांचा थोडा नमुना दमट करून बंद बरणीत ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी हुंगतात, त्याच धर्तीची ही आहे. स्वच्छ पातळ रुमाल पाण्यात भिजवून अगदी घट्ट पिळा, उशीच्या एका कोपऱ्याभोवती गुंडाळा, तेवढाच कोपरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून सैलसर बांधा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी पिशवी उघडून लगेच वास घ्या. हलका, ओल्या लोकरीसारखा वास आला तर काळजी नाही. मळमळ व्हावी असा आला तर भरण अस्वच्छ आहे. चाचणी झाल्यावर तो कोपरा पंख्याखाली पूर्ण वाळवायला विसरू नये. रुमाल ठिबकता असेल तर कापडावर पाण्याचा डाग पडतो आणि परत करताना वाद होतो, म्हणून पिळण्यात कुचराई नको.

आता वारा. हा सगळ्यात साधा उपाय आहे, आणि सर्वांत अर्धवट केला जाणाराही. उशी खुर्चीवर टाकून दोन दिवसांनी हुंगली, वास तसाच, म्हणजे वाऱ्याने काही होत नाही, असा निष्कर्ष काढला जातो. कारण असे, की पिसे बाहेर येऊ नयेत म्हणून खोळीचे कापड अतिशय घट्ट विणलेले असते आणि तापलेल्या रुळांखालून दाबून त्याची छिद्रे आणखी बारीक केलेली असतात. आतली हवा आपणहून बाहेर पडतच नाही. ती ढकलून काढावी लागते. उशी सपाट पृष्ठभागावर ठेवून दोन्ही तळव्यांनी पूर्ण दाबावी, सोडावी, ती फुगू द्यावी आणि पुन्हा दाबावी. असे 20-25 वेळा, सकाळ-संध्याकाळ. दुलई असेल तर दोघांनी चार कोपरे धरून ती झटकावी, मग घडी घालत एका बाजूने दाबत न्यावी आणि पुन्हा उलगडावी. मधल्या वेळात ती जाळीवर किंवा दोन खुर्च्यांच्या पाठींवर अशी ठेवावी, की खालूनही हवा लागेल. पंखा थेट तिच्यावर सोडावा. खोलीतली हवा कोरडी हवी. सापेक्ष आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास किंवा कमी असेल तर उत्तम. बाहेर पाऊस किंवा धुके असेल तर खिडकी उघडून बसण्यापेक्षा बंद खोलीत आर्द्रता शोषणारे यंत्र किंवा एसी चालवणे अधिक कामाचे.

बांधणीचा वास असा एक-दोन दिवसांत जातो. पिसांचा स्वाभाविक वास आठवडाभरात खूप उतरतो आणि दोन आठवड्यांत बहुधा जाणवेनासा होतो. रोज हुंगत राहिले तर नाक सरावते आणि फरक कळत नाही. दोन-तीन दिवसांच्या अंतराने, बाहेरून घरात आल्या आल्या वास घ्यावा किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाला हुंगायला द्यावे.

उन्हाबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे, कारण उन्हावर आपला विश्वास फार. कोरड्या दिवशी सकाळचे किंवा उतरते ऊन एक ते दोन तास, मध्ये एकदा उलटून, हे चांगलेच. त्याने ओलावा जातो आणि आतली हवा तापून हलकी होते. पण दुपारच्या कडक उन्हात दिवसभर ठेवले तर खोळीचे कापड कमकुवत होते, पांढरे भरण पिवळे पडते, आणि ज्या पिसांत चरबी जास्त राहिली आहे ती उष्णता आणि अतिनील किरणांमुळे अधिक खवट होतात. संध्याकाळी वास वाढलेला आढळतो तो यामुळे. ऊन उतरून दव पडण्याआधी वस्तू आत आणावी, आणि गरम असताना घडी करू नये.

वारा पुरला नाही तर न धुता ड्रायर. घरी ड्रायर नसला तर जिथे मोठे ड्रायर असतात अशा लाँड्रीत हे काम होते. खोळीवरची चिठ्ठी वाचून ड्रायरची परवानगी आहे याची खात्री करावी, शिवणी तपासाव्या, उसवलेला टाका असेल तर आधी शिवून घ्यावा. एका वेळी दोन उशा किंवा एकच दुलई. सोबत दोन-तीन स्वच्छ टेनिसचे चेंडू किंवा ड्रायरसाठी मिळणारे लोकरीचे गोळे. नवे टेनिस चेंडू स्वतःच रबराचा वास देतात, त्यांना जुन्या स्वच्छ मोज्यात बांधून टाकावे. उष्णता सर्वांत कमी, वेळ 20 ते 30 मिनिटे. मग बाहेर काढून, झटकून, पूर्ण थंड होऊ द्यावे आणि पुन्हा एक फेरी. पहिल्या फेरीनंतर वास वाढल्यासारखा वाटतो. उष्णतेने वासाचे पदार्थ मोकळे होत असतात, म्हणून घाबरून तिथेच थांबू नये. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर उतार दिसायला हवा. तीन फेऱ्यांनंतरही काहीच फरक नसेल तर आणखी तापवण्यात अर्थ नाही. जास्त उष्णतेने पिसे ठिसूळ होतात, आणि खोळीच्या कडेला कृत्रिम धाग्याची किनार असेल तर ती आकसते.

वास शोषणाऱ्या गोष्टींत सक्रिय कोळसा सर्वांत भरवशाचा आहे. त्यावर आतून बाहेरून असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात आणि वासाचे रेणू तिथे धरले जातात. चुलीचा साधा कोळसा त्याच्या जागी चालत नाही, त्याची धरून ठेवण्याची ताकद फार कमी. 200 ते 300 ग्रॅम सक्रिय कोळसा दोन-तीन जाड सुती पुरचुंड्यांत बांधून उशीसह मोठ्या खोक्यात किंवा पिशवीत बंद करावा आणि तीन-चार दिवस ठेवावा. रोज एकदा उशी दाबून आतली हवा बाहेर काढली नाही, तर कोळशापर्यंत वास पोचणारच नाही. कोळसा थेट कापडाला लागला तर काळा डाग पडतो आणि तो निघत नाही. खोके घरातल्या सर्वांत कोरड्या जागी ठेवावे.

खाण्याच्या सोड्याचे कौतुक प्रमाणाबाहेर झाले आहे. सोडा आम्लधर्मी वास चांगला मारतो, खवट तेलात असे पदार्थ असतात हेही खरे, पण तो खोळीच्या बाहेर आणि वास आत. कापडाचाच वास असेल तर तीन-चार चमचे सोडा कोरड्या खोळीवर भुरभुरावा, दोन-तीन तासांनी व्हॅक्यूमने काढावा, एवढ्यापुरता तो ठीक. रात्रभर ठेवून हाताने झटकला तर बारीक पूड विणीत अडकते. ती पुढे घामाने भिजते, आणि अल्कधर्मी ओलावा केराटिनला मानवत नाही. सोडा वाटीत घालून शेजारी ठेवला तर त्याचा उपयोग कोळशाच्या मानाने नगण्य.

काय करू नये, तेही याच ओघात. अत्तर, कापूर, सुगंधी तेल, खोली सुगंधित करणारे फवारे यांनी मूळ वास झाकला जातो, आणि दोन्ही वास मिळून तिसराच, जास्त त्रासदायक वास तयार होतो. डोके ठेवून झोपण्याच्या वस्तूवर हे मारणे दम्याच्या रुग्णांना बाधते. डांबराच्या गोळ्या तर मुळीच नकोत. त्यांत नॅफ्थलीन असेल तर त्याची वाफ विषारी असते आणि जी-6-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या रक्तपेशी तिने फुटतात. शिवाय तो वास पिसांतून निघता निघत नाही. वाफेची इस्त्री आत ओलावा भरते. फ्रीजरमध्ये ठेवून जंतूंची वाढ तेवढ्यापुरती थांबते, वास जसाचा तसा राहतो. ओझोनचे यंत्र फुप्फुसांना अपायकारक आहे, घरात त्याच्या वाटेला जाऊ नये. ड्राय क्लीनिंगमधले द्रावक पिसांतले आवश्यक तेलही ओढून घेते आणि स्वतःचा वास मागे ठेवते. चिठ्ठीवर तसे स्पष्ट सांगितले असेल तरच तो मार्ग, आणि त्यानंतर अनेक दिवस हवेवर ठेवल्याशिवाय वापर नको.

इथवर पोचल्यावर, आणि पाणी लावण्याआधी, निर्णय करायचा असतो. दुकानाची परतीची मुदत किती आहे ते पहिल्याच दिवशी पाहून ठेवावे. मुदत सात दिवसांची असेल तर वाऱ्याचे पाच दिवस झाल्यावरच ठरवावे लागेल, दोन आठवडे थांबता येणार नाही. वास दर दोन दिवसांनी कमी होत असेल तर ठेवावी. वास तसाच असेल, दमट हवेत किंवा अंगाच्या उबेने उसळून येत असेल, किंवा ओल्या रुमालाच्या चाचणीत उग्र निघाला असेल, तर परत करावी. अंगाची ऊब तपासायला गरम पाण्याची रबरी पिशवी, बाहेरून कोरडी करून, 15 मिनिटे उशीवर ठेवून लगेच हुंगले तरी पुरते. मात्र रबराचा वास आणि पिसांचा वास यांत गल्लत होऊ नये म्हणून पिशवी सुती कापडात गुंडाळावी. खोळीवर शिवलेली चिठ्ठी कापू नये, मूळ पिशवी टाकू नये. एकदा धुतलेली उशी बहुतेक दुकाने परत घेत नाहीत, आणि त्यात त्यांचे चुकते असेही म्हणता येणार नाही. म्हणूनच धुणे शेवटी.

वस्तू ठेवायची ठरली, वास थोडा उरला आहे आणि चिठ्ठीवर पाण्याने धुण्याची परवानगी आहे, तर धुवावी. पण त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा: ती 24 तासांच्या आत पूर्ण वाळवण्याची सोय आहे का? नसेल तर धुण्याचा विचार सोडून द्यावा. अर्धवट ओली राहिलेली पिसे कुबट होतात, आणि नवीन मालाचा मूळ वास परवडला असे वाटू लागते. बिघडलेल्या उशांमध्ये सर्वाधिक उशा याच एका चुकीने बिघडलेल्या असतात.

धुण्याआधी कोरड्या वस्तूचे वजन करून लिहून ठेवावे. याचा उपयोग पुढे येईल. मशीन पुढून उघडणारे आणि ऐसपैस हवे. मध्ये फिरणारा खांब असलेल्या वरून उघडणाऱ्या मशीनमध्ये दुलईच्या आतले कप्पे पाडणाऱ्या पट्ट्या फाटतात आणि सगळी पिसे एका कोपऱ्यात गोळा होतात. ड्रममध्ये वस्तू टाकल्यावर वर निदान एक तृतीयांश जागा मोकळी राहिली पाहिजे. मोठ्या दुलईला घरगुती मशीन सहसा अपुरे पडते. उशा दोन-दोन धुवाव्या, म्हणजे ड्रमचा तोल राहतो.

डिटर्जंट द्रव, सौम्य, उदासीन पीएचचे (आम्लधर्मीही नाही, अल्कधर्मीही नाही असे) आणि एन्झाइमरहित हवे. डाग काढण्यासाठी डिटर्जंटमध्ये जी प्रथिने पचवणारी एन्झाइमे घालतात, त्यांना घामाच्या डागाचे प्रथिन आणि पिसाचे प्रथिन यांतला भेद कळत नाही. लोकरीसाठी किंवा डाउनसाठी म्हणून विकले जाणारे डिटर्जंट त्यामुळे योग्य. प्रमाण दोन उशांना 15 ते 20 मिलिलिटर, दुलईला 30 मिलिलिटरच्या आसपास. याहून जास्त घातल्याने जास्त स्वच्छ होत नाही. उलट फेस आत अडकतो, आणि पुढे तोच चिकट थर धूळ, ओलावा व वास धरून ठेवतो. साधा साबण जड पाण्यात चोथ्यासारखा साका धरतो, तो पिसांच्या तंतूंना चिकटला की निघणे कठीण. फॅब्रिक सॉफ्टनर घालू नये, त्याच्या थराने डाउन फुगत नाही. क्लोरीनचे ब्लीच केराटिन तोडते, त्यामुळे ते पूर्ण वर्ज्य.

पाणी 30 ते 40 अंश, चिठ्ठीवर 60 लिहिले असेल तरच तितके. मंद फेऱ्यांचा कार्यक्रम लावावा. घट्ट विणीमुळे पाणी आत शिरायला वेळ घेते आणि दुलई फुग्यासारखी वर तरंगते. म्हणून मशीनमध्ये टाकण्याआधीच ती घट्ट दाबून हवा काढावी. धुणे झाल्यावर खळबळण्याचे निदान दोन जास्तीचे फेरे द्यावे. दाबल्यावर येणारे पाणी नितळ, बिनफेसाचे येईपर्यंत खळबळावे, तो खरा निकष. शेवटून दुसऱ्या फेऱ्यात पांढऱ्या व्हिनेगरचे अर्धी वाटी, म्हणजे सुमारे 100 मिलिलिटर, घातले तर अमोनियासारखा वास कमी होतो. त्यानंतर साध्या पाण्याचा एक फेरा हवाच. व्हिनेगर आणि सोडा एकत्र घालण्याचा सल्ला दिला जातो, त्यात तथ्य नाही. दोन्ही एकमेकांना निकामी करतात. व्हिनेगर आणि क्लोरीन ब्लीच यांचा संयोग तर विषारी क्लोरीन वायू सोडतो. पिळण्याचा वेग मध्यम ठेवावा.

ओली दुलई प्रचंड जड असते. एक कोपरा धरून ओढली तर आतले टाके तुटतात. खाली दोन्ही हात घालून, टोपलीत घेऊन उचलावी. या अवस्थेत तिला ओल्या पक्ष्यासारखा उग्र वास येणारच आणि पिसे गुठळ्या होऊन चिकटलेली दिसणारच. दोन्ही गोष्टी वाळल्यावर जातात.

मशीन नसेल तर टबात कोमट पाण्यात तळव्यांनी दाबून धुता येते. पिळायचे नाही, घासायचे नाही, आणि पाणी चार-पाच वेळा बदलायचे. नंतर जाड टॉवेलांत गुंडाळून पाणी टिपायचे. हे उशीपुरते जमते. दुलईच्या बाबतीत हातांची ताकद आणि वाळवण्याची सोय दोन्ही कमी पडतात.

वाळवण्याला घाई चालत नाही. ड्रायर कमी उष्णतेवर, चेंडूंसह, उशांना दोन ते तीन तास आणि दुलईला तीन ते पाच तासही लागतात. दर अर्ध्या तासाने बाहेर काढून गुठळ्या बोटांनी मोकळ्या कराव्या, बाजू उलटावी, झटकावे. खोळ हाताला कोरडी लागते तेव्हा आतली पिसे ओलीच असतात, इथेच बहुतेकजण फसतात. चिमटीत धरून आत गोळा लागतो का ते प्रत्येक कप्प्यात, विशेषतः कोपऱ्यांत पाहावे. आणि मग मघाचे वजन कामाला येते. ड्रायरमधून काढल्यावर चार-पाच तास खोलीत ठेवून पुन्हा वजन करावे. ते धुण्याआधीच्या वजनाइतके आले तर वस्तू वाळली. 50-100 ग्रॅम जास्त भरले, तर तेवढे पाणी अजून आत आहे, पुन्हा एक फेरी. ड्रायरमधून काढल्या काढल्या वजन करू नये. तेव्हा पिसे नेहमीपेक्षाही कोरडी असतात आणि आकडा फसवा येतो.

ड्रायरविना वाळवायचे तर कोरडा, वाऱ्याचा दिवसच निवडावा, जाळीवर आडवे पसरावे आणि तासा-दोन तासांनी उलटून गुठळ्या सोडाव्या. दोरीवर टांगले की सगळी पिसे खाली उतरून बसतात आणि तिथला गोळा सडतो. पूर्ण वाळल्यावरही एक दिवस हवेवर ठेवूनच अभ्रा चढवावा.

पुढची निगा सोपी आहे. सकाळी उठल्याबरोबर दुलईची घडी करून कोंडू नये, तासभर मोकळी राहू द्यावी, रात्रीचा घामाचा ओलावा निघून जातो. अभ्र्याखाली आणखी एक सुती संरक्षक खोळ घालावी आणि तीच वरचेवर धुवावी. ठेवणीत टाकताना सुती पिशवी वापरावी. हवा काढून दाबणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत महिनोन्‌महिने ठेवले तर पुन्हा पहिल्या दिवसाचाच वास येतो.

आता उत्पादक आणि विक्रेत्यांकडे एक मागणी. हे सारे ग्राहकाने घरी निस्तरण्याची वेळ येऊ नये यासाठी लागणारी माहिती त्यांच्याजवळ असू शकते. पिसांची स्वच्छता मोजण्याच्या दोन सोप्या कसोट्या जगभर वापरल्या जातात. पहिली, ऑक्सिजन अंक. 10 ग्रॅम पिसे एक लिटर शुद्ध पाण्यात घुसळतात, ते पाणी गाळतात, त्यातले 100 मिलिलिटर घेऊन आम्ल घालतात आणि गुलाबी रंग 60 सेकंद टिकेपर्यंत पोटॅशियम परमँगनेटचे द्रावण थेंबाथेंबाने सोडतात. पाण्यात सेंद्रिय घाण जितकी जास्त, तितके द्रावण जास्त खर्ची पडते. युरोपीय मानक ईएन 12935 मध्ये हा अंक 20 च्या वर गेला तर जंतूंची तपासणी करावी लागते. उत्तम धुतलेल्या मालात तो 4.8 किंवा त्याहून कमी असतो. दुसरी कसोटी गढूळपणाची. तेच पाणी उंच काचेच्या नळीत ओततात आणि तळाशी काढलेली खूण किती मिलिमीटर उंचीच्या पाण्यातून दिसते ते मोजतात. इथे आकडा जितका मोठा तितका माल स्वच्छ, आणि चांगल्या मालात तो 500 च्या पुढे जातो.

पिशवीवर भरणाची टक्केवारी, पक्षी कोणता, उशी किती मऊ हे ठळक छापलेले असते. त्याच्याच शेजारी ऑक्सिजन अंक, गढूळपणाचा आकडा, चरबीची टक्केवारी आणि भरण बंद केल्याचा महिना व वर्ष छापायला कितीशी जागा लागते? ही मागणी ग्राहकांनी खरेदीच्या वेळी दुकानदाराकडे करावी. आकडे पिशवीवर नसतील तर प्रयोगशाळेचा अहवाल दाखवायला सांगावे. तो अहवाल कोणत्या तारखेचा आणि कोणत्या खेपेचा आहे, हेही पाहावे, कारण तीन वर्षांपूर्वीच्या एका चांगल्या नमुन्याचा कागद पुढे करून आजचा माल विकला जाऊ शकतो. शक्य असेल तर दुकानातच उशी नाकाशी धरून दाबून पाहावी. विक्रेत्याने त्याला हरकत घेतली, तर दुसरे दुकान पाहावे.

कळावे,

आपला,
पिसांच्या बिछान्यांची धुलाई व दुरुस्ती करणारा एक वाचक